पाऊण इंची पाइपचा कॅमेरा स्टॅबिलायझर : मापं, तोल आणि फसण्याच्या जागा

पाइपलाइन

चालता चालता काढलेला व्हिडिओ हलतो तो मुख्यतः मनगट फिरल्यामुळे. कॅमेरा सरळ राहून दोन सेंटिमीटर वरखाली झाला तर लांबच्या दृश्यात ते फारसं जाणवत नाही. पण तो एका अंशाने कलला की २० मीटरवर उभा असलेला माणूस चौकटीत ३५ सेंटिमीटर सरकतो. म्हणून पैसा आणि मेहनत घालायची ती फिरणं रोखण्यावर.

मोटरवाला गिंबल (कॅमेरा आपोआप सरळ धरणारं उपकरण) हे सेन्सर लावून करतो. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात बनवलेला स्टेडिकॅम मात्र बिनमोटरचा होता. वजन लांब पसरवायचं आणि सगळा सांगाडा त्याच्या गुरुत्वमध्याजवळ, अगदी कमी घर्षणाच्या सांध्यावर धरायचा, एवढं त्यातलं तत्त्व. तेच पीव्हीसी पाइपात कसं बसवायचं, त्याचा हा धागा.

नेटवर जॉनी ली यांचा १४ डॉलरवाला प्रकार बऱ्याच जणांनी पाहिला असेल : लोखंडी पाइपांचा टी, वर कॅमेरा, खाली व्यायामाची चकती, बाजूला मूठ. तासाभरात होतो, पण त्यात सांधा नाही. मनगट वळलं की कॅमेरा वळतोच, फक्त सावकाश वळतो. खाली दिलेला आराखडा त्याच्या पुढचा आहे. लेन्ससकट साधारण ६०० ग्रॅमचा मिररलेस कॅमेरा धरून मापं दिली आहेत.

रचना अशी. कॅमेऱ्याखाली आडवा पाइप. त्याच्या पुढच्या टोकाला एल्बो, तिथून उभा पाइप खाली, मग दुसरा एल्बो आणि खालचा आडवा पाइप परत मागे, म्हणजे आपल्याकडे. वरच्या आडव्या पाइपात एक टी, तिचं तोंड खाली. त्या तोंडाला सांधा आणि सांध्याखाली मूठ. हात या चौकटीच्या आत येतो, उघडी बाजू आपल्याकडे.

सामान :

पाऊण इंची यूपीव्हीसी पाइप, शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची श्रेणी), एक मीटर
पाऊण इंची टी १, एल्बो २, एंड कॅप ३
अर्धा इंची पाइप १२ सेंमी, अर्धा इंची कपलर १, एंड कॅप १ (मुठीसाठी)
६०८ बेअरिंग १ (आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी)
८ मिमी भोकाचं युनिव्हर्सल कपलिंग १ (मधल्या क्रॉसवर सगळ्या बाजूंना वाकणारा सांधा). रोबोटिक्सचं सामान मिळतं तिथे मिळतं
एम८ बोल्ट ३ (४० मिमी, ५० मिमी आणि वजनांसाठी ८० मिमी), नायलॉक नट २ (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप न सुटणारे), साधे नट ४
१२ मिमी प्लायवुड, १६ × ८ सेंमी. १५ मिमी जाडीचे दोन ठोकळे. पाइप क्लॅम्प २, होज क्लॅम्प १
पाव इंची बोल्ट, एक इंच लांब
एम१२ चे मोठे वायसर, पाव किलोभर
पीव्हीसी चिकटवायच्या सोल्यूशनची छोटी डबी, हॅक्सॉ, पॉलिश पेपर

कपलिंग सोडलं तर सगळं प्लंबिंगच्या आणि नटबोल्टच्या दुकानात मिळून जातं. पूर्ण लांबी घेऊ नका, तुकडा मागा. बहुतेक दुकानांत पडलेला असतो.

मापं मध्यापासून मध्यापर्यंत : टीपासून पुढच्या एल्बोपर्यंत १२ सेंमी, उभा पाइप ३५, खालचा आडवा २४. टीच्या मागे ८ सेंमीचा तुकडा आणि टोकाला कॅप, त्यावर प्लेटची मागची बाजू येते. दोन फिटिंगच्या मधला तुकडा मापापेक्षा सुमारे ३ सेंमी आखूड कापायचा, कारण पाइप फिटिंगच्या मध्यापर्यंत जात नाही.

इथेच पहिली चूक होते. सॉकेट आतून निमुळतं असतं. कोरडा पाइप अर्ध्यावर, फार तर दोन तृतीयांश जाऊन अडतो. सोल्यूशन लावल्यावर तो तळापर्यंत शिरतो. कोरड्या जोडणीवर मापं धरली तर नंतर प्रत्येक सांध्यात सेंटिमीटरभर कमी पडतं. सॉकेटची खोली मोजून पाइपावर मार्करने खूण करा आणि हिशोब तिथून धरा.

दुसरी चूक, सांधे एका पातळीत न येणं. सोल्यूशन लावल्यावर हातात जेमतेम अर्धं मिनिट असतं. आधी कोरडी चौकट सपाट फरशीवर आडवी ठेवून फिटिंग आणि पाइप दोन्हींवर जाणारी एकच रेघ मारा. चिकटवताना रेघा जुळवा, पाव वळसा देत दाबा आणि ३० सेकंद धरून ठेवा, नाही तर पाइप हळूच बाहेर सरकतो. उभ्या पाइपाचा आणि खालच्या एल्बोचा सांधा मात्र चिकटवू नका. कोरडा दाबून एक छोटा स्क्रू मारा. तो सांधा डावी-उजवीकडचा तोल साधायला लागतो.

मूठ. अर्धा इंची कपलरचं तोंड साधारण साडेएकवीस मिमी असतं, बेअरिंग २२ चं. कपलर दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, चिमट्याने काढा, बेअरिंग सरळ ठेवून लाकडी ठोकळ्याने दाबा. गार झाला की घट्ट आवळून धरतो. हातोडी मारू नका, बेअरिंग तिरकं बसतं आणि मग अडकत फिरतं. स्टोव्हच्या ज्योतीवर तर पीव्हीसी कधीच धरू नका. जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.

बेअरिंगमधून ५० मिमीचा एम८ बोल्ट खालून वर, डोकं खाली. वरून नायलॉक नट, फिरण्यापुरता सैल. वरचं उरलेलं टोक कपलिंगमध्ये. बोल्टच्या आट्यांवर कानशीने एक सपाट जागा करा आणि कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळायचा स्क्रू) तिथेच टेकू द्या, नाही तर तो सुटणार. मग कपलरच्या दुसऱ्या तोंडात मुठीचा पाइप. कपलिंगचं वरचं टोक ४० मिमीच्या बोल्टवर. हा बोल्ट पाऊण इंची एंड कॅपमधून आलेला, दोन्ही बाजूंनी नट आवळून. ती कॅप ५ सेंमीच्या तुकड्याने टीच्या तोंडाला.

प्लायची प्लेट पाइपाला थेट टेकवू नका. मधे १५ मिमीचे ठोकळे घालून क्लॅम्प करा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बोल्टचं डोकं मावतं आणि पान्यालाही जागा राहते. प्लेटच्या मध्यावर ७ मिमी रुंद, ६ सेंमी लांब खाच. कॅमेरा पुढे-मागे सरकवायला.

वजनं : वायसर ८० मिमीच्या एम८ बोल्टवर घट्ट दाबून, तो बोल्ट होज क्लॅम्पने खालच्या पाइपाला. क्लॅम्प सैल केला की वजन पुढे-मागे सरकतं.

---

शंकेखोर

वाचनखूण साठवली. दोन शंका. घरी वायरिंगचा उरलेला २५ मिमीचा कंड्युइट पाइप आहे, तो चालेल का? आणि दुकानदार म्हणतो अर्धा इंची शेड्यूल ८० घ्या, जाड असतो, वाकणार नाही.

---

हिशोबी

कंड्युइट नको. भिंत पातळ, आणि प्लंबिंगची फिटिंग त्यावर बसत नाहीत. पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २६.७ मिमी आहे.

शेड्यूल ८० बद्दल दुकानदार अर्धवट बरोबर. पाण्याच्या दाबासाठी भिंतीची जाडी महत्त्वाची. आपल्याला हवा आहे ताठपणा, आणि तो व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. हिशोब बघा :

अर्धा इंची : बाहेरून २१.३ मिमी. शेड्यूल ४० ची भिंत २.८, शेड्यूल ८० ची ३.७. जाड भिंतीमुळे ताठपणा वाढतो तो फक्त १७ टक्क्यांच्या आसपास.

पाऊण इंची शेड्यूल ४० : भिंत २.९ मिमी. अर्धा इंची शेड्यूल ८० च्या तुलनेत ताठपणा सुमारे १.८५ पट. आणि वजन? दोन्ही सेंटिमीटरला ३ ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ दुप्पट ताठ. इंची पाइप आणखी ताठ मिळेल, पण त्याची फिटिंग जड, आणि चौकटीत हात शिरायला अडचण.

---

नट_बोल्ट

धागाकर्त्यांनी पाव इंची बोल्ट लिहिलाय, पण ठळक सांगायला हवं होतं. कॅमेऱ्याच्या बुडाचे आटे पाव इंची, इंचाला २० आट्यांचे. काउंटरवर «कॅमेऱ्याचा बोल्ट» मागितला की एम६ हातात येतो. दिसायला तसाच. एम६ चा व्यास ६ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, पाव इंचीचा ६.३५ आणि १.२७. एम६ आत जातो, दोन वळसे घेतो, डुगडुगतो. वजन आलं की कॅमेऱ्याचे आटे मरतात. बोल्ट नवा आणता येतो, कॅमेऱ्याचं बूड नाही.

दुकानात «पाव इंची बीएसडब्ल्यू» (ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा) मागा. त्याचेही २० आटे. कोन ५५ अंशांचा, कॅमेऱ्याचा ६० चा. एवढ्या कामाला चालतो. शंका असेल तर जुन्या ट्रायपॉडच्या प्लेटचा स्क्रू सोबत न्या आणि बोल्ट त्याच्या शेजारी धरा. आटे एकमेकांत बसले पाहिजेत.

लांबी : कॅमेऱ्यात ५ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. १२ प्लाय, २ कॅमेऱ्याखालचं रबर, दीडचा एक वायसर, एकूण साडेपंधरा. इंची बोल्ट २५.४. म्हणजे जवळपास ५ मिमी जास्त आहे, तेवढे वायसर डोक्याखाली वाढवा. व्हर्नियर नसेल तर कॅमेरा न लावता वर किती बोल्ट दिसतो ते पट्टीने मोजा. बोल्ट तळाला टेकला तरी माणूस आवळत राहतो आणि आतलं काहीतरी फुटतं.

६०८ वर एम८ चा साधा वायसर टाकू नका. तो १६ मिमीचा, बाहेरच्या कड्याकडे जाऊन घासतो. फक्त आतलं कडं दाबलं गेलं पाहिजे. एम६ चा वायसर घ्या, बाहेरून १२ मिमी असतो, भोक ८ ला मोठं करा. झालं.

---

शटरबग_सांगली

+१. बेअरिंगबद्दल अजून एक. नवीन ६०८ घट्ट ग्रीस भरून येतं, मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी केलेलं. आपल्याला हवं आहे बोटाने ढकललं की सहज फिरणारं. रबरी सील असेल तर सुईने उचकटून काढा, बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा थिनरमध्ये धुवा, सुकवा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. हे केलं नाही तर मूठ वळवली की कॅमेरा तिच्यामागे ओढला जातो आणि दोष तोलाला देत बसतो माणूस.

आता तोल कसा साधायचा ते सविस्तर यायला हवं, कारण नव्वद टक्के लोक इथेच सोडून देतात.

---

पाइपलाइन

हो, तेच लिहितो आहे.

आधी कॅमेरा शूटिंगला असतो तसा तयार करा. बॅटरी, कार्ड आत. पट्टा काढलेला. लेन्सचं झाकण काढलेलं. झूम ठरवलेल्या जागी, स्क्रीन उघडायची असेल तर उघडी. यातलं नंतर काहीही बदललं की तोल पुन्हा करावा लागतो. झाकण विसरणारे फार.

पहिलं, पुढे-मागे. मूठ उभी धरा. चौकट पुढे झुकत असेल तर खालचं वजन मागे सरकवा. या मापांत वजन मुठीच्या रेषेच्या मागे ८-९ सेंमीवर स्थिरावतं, कॅमेरा जवळपास टीच्या बरोबर वर. लेन्स लांब असेल तर कॅमेरा खाचेत मागे घ्या.

दुसरं, डावी-उजवीकडे. कॅमेऱ्याचं वजन ट्रायपॉडच्या भोकावर मध्यावर नसतं, बहुतेकांत कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ग्रिपच्या बाजूला जास्त. खालचा न चिकटवलेला एल्बो थोडा फिरवा, खालचा पाइप वजनासकट उलट्या बाजूला जातो. दोन-तीन अंश पुरतात. मग स्क्रू मारा.

तिसरं आणि सगळ्यात नाजूक, वर-खाली. चौकट हाताने आडवी धरा, उभा पाइप जमिनीला समांतर, आणि सोडा. खालचं टोक सरळ खाली यायला किती वेळ लागतो ते मोजा. या वजनाच्या सांगाड्याला दीड सेकंद योग्य. अर्ध्या सेकंदात धाडकन खाली आला तर खाली वजन जास्त आहे.

खाली वजन जास्त असणं हीच सगळ्यात मोठी गफलत, कारण कॅमेरा पटकन सरळ उभा राहतो आणि «वा, काय तोल आहे» असं वाटतं. प्रत्यक्षात तो लोलक झाला. चालायला लागलात की पुढे झुलतो, थांबलात की मागे, वळलात की बाहेर.

---

हिशोबी

आकडे देतो, म्हणजे किती नाजूक ते कळेल. कॅमेऱ्याचा मध्य सांध्याच्या वर सुमारे १४ सेंमी, ६०० × १४ = ८४०० ग्रॅम-सेंमी. प्लेट, टी, वरचे पाइप मिळून आणखी २३००. खाली उभा पाइप, एल्बो, खालचा आडवा पाइप मिळून ४४००. फरक ६३००. खालचा पाइप सांध्याच्या २८ सेंमी खाली, म्हणून ६३०० ÷ २८ = २२५ ग्रॅमला सगळं बरोबर समतोल. त्यावर थोडं जास्त टाकायचं, म्हणजे २४०-२५०. एम१२ चा मोठा वायसर साधारण २० ग्रॅमचा; बोल्ट आणि क्लॅम्पचं वजनही यातच धरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं एकत्र तोला.

सगळ्याचं वजन मिळून १.३५ किलो. गुरुत्वमध्य सांध्याच्या ३ मिमी खाली असेल तर खाली यायला साधारण २ सेकंद, ५ मिमीला दीड, १२ मिमीला एक. एवढ्याशा मिलिमीटरमध्ये सगळा खेळ आहे.

बारीक फरकासाठी दहा रुपयांचं नाणं वापरा. साडेसात ग्रॅमच्या वर असतं. खालच्या पाइपाला चिकटवलं की गुरुत्वमध्य सुमारे दीड मिमी खाली जातो. एक चिकटवा, वेळ मोजा, दुसरं चिकटवा. ठरलं की तेवढ्या वजनाचे बारीक वायसर लावून नाणी परत खिशात.

---

आकाशकंदील

पण मग जास्त वजन लावलं तर जास्त स्थिर, हे खोटं का? सगळे तर तसंच सांगतात.

---

हिशोबी

अर्धं खरं. फिरण्याला विरोध करतं ते जडत्व, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. १० सेंमीवर ६०० ग्रॅम आणि २० सेंमीवर ३०० ग्रॅम घेऊन बघा. दुसऱ्यात वजन निम्मं, जडत्व दुप्पट. म्हणून खाली वजन वाढवायचं असेल तर वरही वाढवा, नाही तर कॅमेरा उंच घ्या. प्लेटखालचे ठोकळे १५ ऐवजी ३० मिमीचे केले तर खाली ३५-४० ग्रॅम जास्त बसतात आणि तोल तसाच राहतो.

मर्यादा हाताची आहे. मुठीसकट दीड किलो एका हाताने, अंगापासून लांब. लग्नात अख्खी वरात यावर काढायची म्हटलं तर खांदा जातो.

---

कोकणी_फ्रेम

बनवून बसलेल्यांसाठी : कॅमेरा लावा, खालच्या पाइपाला टिचकी मारा आणि स्क्रीनकडे बघा. चित्र एकदा हलून थांबायला हवं. थरथरत राहिलं तर कुठलातरी सांधा ढिला आहे किंवा पाइप लवतो आहे. पीव्हीसी लोखंडापेक्षा कितीतरी मऊ, ताठपणा साठ-सत्तर पट कमी. तो थरथराट चालताना प्रत्येक पावलाला येतो आणि रोलिंग शटरमुळे (सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो त्यामुळे) चित्र लापशीसारखं लिबलिबतं.

बहुतेक वेळा दोषी खालचा कोरडा एल्बो. तोल एकदा पक्का झाला की तिथे दुसरा स्क्रू काटकोनात मारा. त्यानेही नाही भागलं तर उभ्या पाइपाच्या आत लाकडी दांडा घट्ट बसवा. आतला व्यास जेमतेम २१ मिमी, २० मिमीचा दांडा एक फेरा टेप गुंडाळून जातो. वजन मात्र वाढतं आणि तेही पुढच्या बाजूला, तोल परत करावा लागेल.

उभा पाइप ५० सेंमीचा करू असा मोह होतो. करू नका. लांबी दीडपट झाली की लवणं तिपटीच्या पुढे जातं.

---

शंकेखोर

सांध्यासाठी कपलिंग मिळालं नाही. दोन बिजागऱ्या एकमेकींवर काटकोनात लावल्या तर? किंवा गाडीचं रॉड एंड (आत गोळा फिरणारं दांड्याचं टोक)?

---

नट_बोल्ट

बिजागऱ्या चालत नाहीत. एक वर, एक खाली येते, दोन्ही अक्ष वेगळ्या उंचीवर. वर लिहिलंय ना, ३ मिमी आणि १२ मिमीत जमीन-अस्मानाचा फरक. दोन सेंमीचं अंतर पडलं तर पुढे-मागे तोल साधला की डावी-उजवीकडे बिघडणार. दोन्ही अक्ष एकमेकांना छेदले पाहिजेत. कपलिंगच्या क्रॉसमध्ये छेदतात.

रॉड एंडमध्येही एकाच बिंदूत फिरतं, पण कलतं थोडंच, आणि आतलं अस्तर घट्ट असतं. पान्याच्या सेटमधला युनिव्हर्सल जॉइंट काही जण वापरतात. त्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं, हात सोडला तरी वाकलेला राहावा म्हणून. आपल्याला नेमकं उलटं हवं. थांबा आणि कपलिंगच मागवा.

घेताना हातात हलवून बघा. खुळखुळत असेल तर नको. पॅनच्या (कॅमेरा डावी-उजवीकडे वळवण्याच्या) सुरुवातीला टक्क असा झटका येतो तो त्याच खुळखुळीचा.

---

उजेड

उभा असताना अगदी सरळ राहतो, पण पॅन केला की एका बाजूला कलतो आणि गोल गोल डोलतो. तोल तर तिन्ही बाजूंनी केला आहे. काय राहिलं?

---

पाइपलाइन

फिरता तोल. स्थिर असताना पुढचं आणि मागचं वजन बरोबर असलं तरी ती वेगवेगळ्या उंचीवर असतात. आपला उभा पाइप पुढे आहे आणि त्याला तोलणारं वजन तळाला मागे. फिरवलं की दोन्ही बाहेर ओढतात, पण वेगळ्या पातळीवर, म्हणून सांगाडा कलतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण साधा. कॅमेरा ५ मिमी मागे घ्या. खालचं वजन पुढे आणून स्थिर तोल परत साधा. मूठ हातात धरून चौकट बोटाने हळू फिरवा, दोन-तीन सेकंदांत एक फेरी. डोलणं कमी झालं तर त्याच दिशेने आणखी ५ मिमी, वाढलं तर उलट. चार-पाच फेऱ्यांत जागा सापडते. सापडली की प्लेटवर मार्करने खूण करा, लेन्सचं नाव लिहा. प्रत्येक लेन्सची खूण वेगळी.

अर्थात भराभर पॅन करायचे नसतील तर थोडं डोलणं सोडून द्या. संथ पॅनमध्ये दिसत नाही.

---

आकाशकंदील

फोनसाठी हेच करता येईल का? २०० ग्रॅमचा फोन आहे.

---

हिशोबी

जसंच्या तसं नाही. खाली वजन कमी लागेल ते ठीक, पण पुढच्या उभ्या पाइपाला तोलायला फोन टीच्या दहा सेंमी मागे न्यावा लागेल.

फोनलाच जड करा. प्लेटवर लोखंडी पत्रा, १६ × ८ सेंमी, ४ मिमी जाड : बरोबर ४०० ग्रॅम भरतो. त्यावर फोनचा होल्डर. पत्रा कॅमेऱ्यापेक्षा खाली असल्यामुळे तळाचं वजन १७०-१८० ग्रॅमवर येईल, तिथून बारीक करा. जडत्व मिळतं, फोनच्या आतलं स्थिरीकरणही मदतीला असतं, निकाल चांगला येतो.

पण खरं सांगायचं तर फोनसाठी सेकंडहँड मोटरवाला गिंबल बघा. एवढा खटाटोप कॅमेऱ्यासाठी ठीक. फोनसाठी करायचा तो करण्याची हौस असेल तरच.

---

शटरबग_सांगली

सहमत. आता वापराबद्दल, कारण तोल साधूनही व्हिडिओ हलतात.

मूठ धरणाऱ्या हाताचं काम फक्त उचलणं. वळवायचं ते दुसऱ्या हाताने, टीच्या तोंडाखालचा जो छोटा तुकडा आहे तो अंगठा आणि एका बोटात हलकेच धरून. सांध्याच्या जितकं जवळ धराल तितकी हाताची थरथर कमी पोचते. खालच्या पाइपाला हात लावून वळवू नका.

वर-खाली होणारी उसळी हा सांगाडा घालवत नाही. त्याच्यात स्प्रिंगचा हात नाही. ती घालवायची गुडघे किंचित वाकवून आणि टाच आधी टेकवून. कोपर अंगाला चिकटवू नका, मोकळा ठेवा, तोच स्प्रिंग.

लेन्स रुंद. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर १८ मिमी, अॅपर्चर एफ/८, फोकस २ मीटरवर पक्का केला की साधारण एक मीटरपासून पुढे सगळं स्पष्ट. चालताना फोकस करायला हात रिकामा नसतो, आणि ऑटोफोकसवाली लेन्स आतले भाग फार सरकवणारी असेल तर तोलही हलतो. शटर २५ फ्रेमला १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पट्टेही येत नाहीत. ५० फ्रेमला १/१००.

---

शंकेखोर

बनवला. एक सेकंदाच्या वर जातोय, मस्त. गणपतीच्या मिरवणुकीत न्यावा म्हणतो. आणि काही?

---

कोकणी_फ्रेम

मिरवणुकीत जपून. खालचा पाइप कमरेच्या उंचीवर मागे निघतो, लहान मुलांच्या तोंडाला लागेल. टोकाच्या कॅपवर जुना टेनिस बॉल कापून चढवा, आणि तो चढवून मगच तोल करा, ५५-६० ग्रॅमचा असतो. हा बॉल मागच्या टोकाला येतो, तेव्हा वायसर तेवढे कमी करून उरलेलं वजन पुढे घ्या.

वारा असेल तर हे हत्यार निरुपयोगी. सांधा जितका मोकळा, तितका वारा कॅमेऱ्याला फिरवतो. किनाऱ्यावर संध्याकाळी मुद्दाम खाली ३०-४० ग्रॅम जास्त टाका आणि लोलकपणा सोसा, नाही तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

---

नट_बोल्ट

उन्हात गाडीत ठेवू नका. यूपीव्हीसी ६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं सहज होतं. एल्बो एकदा तिरका झाला की परत सरळ होत नाही, कापून नवा लावायचा. पाइप जास्तीचा घेतलाय ना, तो फेकू नका.

निघण्याआधी दोन्ही ग्रब स्क्रू आणि नायलॉक बघा. ग्रब स्क्रूला थ्रेड लॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब, नसेल तर नेलपॉलिश. आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढायला सांगितलंय खरं, पण प्लेटपासून मनगटापर्यंत एक सैल नाडी बांधा. हलकी घ्या, तोलात कळणार नाही अशी.